काठमांडूचा शिलेखाना

मराठ्यांच्या राज्यकारभाराचा ज्यांनी थोडाफार अभ्यास केला आहे त्यांना ‘शिलेखाना’ हा शब्द परका नाही. जामदारखाना, पीलखाना यांच्या बरोबरीने शिलेखान्याचा उल्लेख जुन्या कागदपत्रांत येतो. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. शस्त्रे ठेवावयाची जागा तो शिलेखाना आणि स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. हाच शब्द किंचित निराळ्या उच्चाराने हिमालयाच्या कुशीतही नांदत होता. काठमांडू शहरातील लगन भागात एक जुना राजवाडा होता. लोक त्याला ‘सिलेखाना’ म्हणत. नेपाळच्या सैन्याने पिढ्यानपिढ्या वापरून बाजूला टाकलेल्या बंदुका त्याच्या दालनांतून एकीवर एक रचून ठेवलेल्या होत्या. त्यांच्यावर धुळीची पुटे चढली होती, वंगण वाळून कडक झाले होते, आणि छपराचे लाकूड त्या भाराखाली कुरकुरत होते.

२००३ साली नेपाळ सरकारने हा साठा विकून टाकला. विकत घेणारे अमेरिकेतील जुन्या लष्करी शस्त्रांचे व्यापारी होते. त्यांच्यापैकी ख्रिश्चन क्रॅनमर या गृहस्थांनी सुमारे तीस वर्षे या कोठाराचा पाठपुरावा केला होता, आणि पुढे त्याची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्धही केली. बंदुकांची संख्या ५० हजारांच्या आसपास, एकूण मालाचे वजन ४०० टनांहून अधिक आणि किंमत सुमारे ५० लाख डॉलर असे आकडे त्या वेळी प्रसिद्ध झाले. नेपाळमध्ये त्या काळी माओवाद्यांचे सशस्त्र बंड पेटलेले होते. सरकारला अडगळ दूर व्हायला हवी होती, पैसाही हवा होता. व्यवहारात गैर असे काही नव्हते. तरीही एका राष्ट्राच्या दोनशे वर्षांच्या लष्करी इतिहासाचा एवढा मोठा पुरावा घाऊक भावाने देशाबाहेर गेला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. शेजारच्या घरी घडलेल्या या प्रसंगाकडे आपण केवळ नवलाने पाहावे, की त्यातून आपल्यापुरते काही शिकावे, हा प्रश्न आहे.

वीस डॉलरची रायफल

हे सारे लोखंड विकत घेतो कोण? अमेरिकेत आणि काही अंशी युरोपात जुन्या लष्करी बंदुका जमविण्याचा छंद असलेले हजारो लोक आहेत. आपल्याकडे जसे कोणी तिकिटे जमवितो, कोणी नाणी, तसेच हे. या छंदाला आजचे स्वरूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्ध संपले आणि युरोपातील सरकारांच्या कोठारांत लक्षावधी रायफली निरुपयोगी होऊन पडल्या. नव्या सैन्यांना आपोआप गोळ्या झाडणाऱ्या रायफली हव्या होत्या. एकेक गोळी खटका ओढून भरावयाची जुनी रायफल कोणालाच नको होती. सॅम्युएल कमिंग्ज या तरुणाने १९५३ साली ‘इंटरआर्म्स’ ही कंपनी काढली, आणि असा माल सरकारांकडून नाममात्र दराने उचलून अमेरिकेतील शिकारी व शौकिनांना विकला. शाळामास्तर आणि कारकून यांच्या पगारात बसेल अशा किमतीत इतिहासाचा एक तुकडा घरी येऊ लागला.

या स्वस्ताईची दुसरी बाजू जगाला दहा वर्षांतच दिसली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली ती अशाच एका रायफलीने. इटलीच्या सैन्याची ६.५ मिलिमीटर कार्कानो, १९४० साली तेर्नी येथे बनलेली. शिकागोच्या एका दुकानाची जाहिरात वाचून, खोट्या नावाने, टपालाने मागविलेली. दुर्बिणीसह तिची किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. म्हणजे दुसऱ्याच्या युद्धाची अडगळ एका माथेफिरूच्या हाती पडली आणि तिने एका राष्ट्राचा इतिहास बदलला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६८ साली, अमेरिकेने कायदा करून बंदुकांची टपालविक्री थांबविली आणि परकी लष्करी मालाच्या आयातीवरही निर्बंध घातले. मात्र त्याच कायद्याने दोन भेद मान्य केले. १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र हे पुराणवस्तू समजावे. आणि पन्नास वर्षांहून जुने झालेले शस्त्र ‘दुर्मीळ व ऐतिहासिक’ या वर्गात घालून परवानाधारक संग्राहकाला ते घेऊ द्यावे. आयातीची कवाडे १९८० नंतरच्या दशकात अशा ऐतिहासिक शस्त्रांपुरती पुन्हा किलकिली झाली. काठमांडूच्या कोठारातील बहुतेक बंदुका १८९८ च्या आधीच्या. त्यामुळे त्यांचा मार्ग सोपा झाला.

तेव्हा या छंदाकडे पाहताना दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. बंदूक ही तिकिटासारखी निरुपद्रवी वस्तू नव्हे. ती माणूस मारण्यासाठी बनविलेली असते आणि तिचे वय झाले म्हणून तो गुण आपोआप नाहीसा होत नाही. हे मान्य करूनच पुढचा विचार करावयाचा.

लोखंडावरील लिपी

खरा संग्राहक बंदूक झाडत नाही, वाचतो. काठमांडूहून आलेल्या काही बंदुका व्यापाऱ्यांनी साफसूफ करून विकल्या, तर काही जशा सापडल्या तशाच, मळासकट, कमी दराने विकल्या. असे पार्सल घरी आले की संग्राहक आठवडेच्या आठवडे तो मळ चिंध्यांनी आणि रॉकेलने काढत बसतो. खाली हळूहळू अक्षरे दिसू लागतात. मुकुट आणि त्याखाली राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे. कारखान्याचे नाव, वर्ष. रुंद टोकाचा एक बाण ही ब्रिटिश सरकारची मालकीखूण. दोन बाणांची टोके एकमेकांना भिडलेली असली तर सरकारने ती बंदूक नोकरीतून काढून विकली असा अर्थ. त्याहून जुन्या बंदुकांवर ईस्ट इंडिया कंपनीची बदामाच्या आकाराची खूण, आणि १८०८ नंतरच्या बंदुकांवर पुढचे पाय उचललेला सिंह. हीच कंपनीची गारेची बंदूक खडकीच्या लढाईत, १८१७ साली, पेशव्यांच्या फौजेसमोर उभी होती. तिच्याच जातीची बंदूक १८१४ ते १८१६ या काळात गुरख्यांनीही समोरून पाहिली.

या सगळ्या इंग्रजी खुणांच्या शेजारी आणखी काही अक्षरे असतात. नेपाळी सैन्याने पलटणीचे नाव, बंदुकीचा क्रमांक, काही ठिकाणी विक्रम संवताचे वर्ष, ही माहिती नळीवर आणि दस्त्याच्या पितळी पट्टीवर कोरून ठेवली आहे, आणि ती देवनागरीत आहे. टेक्सास किंवा ओहायो राज्यातील सेवानिवृत्त गृहस्थ भिंग घेऊन या आकड्यांशी झगडत बसतात. त्यांच्यातील पुष्कळजण या लिपीला ‘संस्कृत’ म्हणतात. ज्यांना उत्साह आहे त्यांनी देवनागरी अंकांचा तक्ता तयार करून तो पाठ केला आहे. संवतातून ५७ वजा करून इसवी सन काढण्याची रीतही ते शिकले आहेत. आपल्या प्राथमिक शाळेतील तिसरीच्या मुलाला ते आकडे सहज वाचता येतील. फार तर एखाददुसऱ्या अंकाचे वळण त्याला निराळे वाटेल. परंतु त्या मुलापुढे ती बंदूक कधी येणार नाही, आणि ज्यांच्यापुढे ती आली आहे त्यांना आपली लिपी परकी आहे. ज्याला वाचता येते त्याने टाकून दिले आणि ज्याला वाचता येत नाही त्याने जपले, असा हा उफराटा न्याय आहे.

या कोठारातून बाहेर आलेली सर्वांत मोलाची वस्तू इंग्लंडची नव्हतीच. ती होती नेपाळची स्वतःची ‘गहेंद्र’ रायफल. वरून पाहिले तर ती ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्रीसारखी दिसते. आतील यंत्ररचना मात्र वेगळी, वेस्टली रिचर्ड्स पद्धतीच्या अधिक साध्या खटक्याची. सेनापती गहेंद्र शमशेर राणा यांच्या पुढाकाराने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडविली गेली. ‘घडविली’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा. लोहारांनी ऐरणीवर ठोकून, कानशीने घासून एकेक भाग तयार केला. त्यामुळे एका रायफलीचा भाग दुसरीला बसेलच असे नाही, आणि जाणकार ती झाडू नये असाच सल्ला देतात. याच शस्त्रज्ञांनी ‘बीर’ तोफही केली: दोन नळ्यांची, हाताने दांडा फिरवून गोळ्यांचा वर्षाव करणारी, मूळ गार्डनर तोफेवर आधारलेली. चालविण्यास अवजड, वाहून नेण्यास त्याहून अवजड. पण या बंदुका का झाल्या? ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने नेपाळला आधुनिक शस्त्रे सुखासुखी मिळू दिली नाहीत. बाहेरून मिळेना, तेव्हा डोंगरातील एका गरीब राज्याने आपल्या लोहारांकडून ती करवून घेतली. ही कथा दरबारी बखरीत कशी आली असती कोणास ठाऊक. गहेंद्र रायफलीच्या कानशीच्या खुणांत ती जशीच्या तशी उरली आहे.

एक पाऊल मागे

बंदुका खोटे बोलत नाहीत असे मी म्हणतो ते यासाठी. राज्यकर्त्यांची भाषणे आणि जाहीरनामे काहीही म्हणोत, त्यांचा विश्वास कोणावर आहे हे त्यांनी कोणाच्या हाती कोणते शस्त्र दिले यावरून कळते. १८५७ चा उठाव झाला तेव्हा हिंदी शिपायांच्या हाती नळीत पिळाच्या खाचा असलेली नवी एन्फील्ड रायफल येत होती. तिच्या काडतुसांवरून काय झाले ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. उठाव मोडल्यानंतर सरकारने काय करावे? एन्फील्डसारखीच दिसणारी, परंतु आतून गुळगुळीत नळीची बंदूक हिंदी पायदळासाठी काढली. खाचा नाहीत म्हणजे गोळीला फिरकी नाही, आणि फिरकी नाही म्हणजे नेम नाही. शंभर-सव्वाशे पावलांपलीकडे तिचा भरवसा नाही. तोफखानाही जवळजवळ सगळाच गोऱ्यांच्या हाती गेला. आजही एखाद्या संग्रहातील अशा बंदुकीच्या नळीत बोट घालून पाहावे. १८५७ नंतरच्या अविश्वासाचा तो पुरावा बोटाला लागतो.

पुढे हा रिवाजच झाला. गोऱ्या सैन्याला नवे शस्त्र मिळाले की जुने हिंदी सैन्याला. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे ब्रिटिशांचा दारुण पराभव झाला. सुमारे अडीच हजारांच्या फौजेतील हजाराच्या आसपास माणसे पडली. त्या रणांगणावर गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, आणि तिच्या शेजारी लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर आणि जेकब्ज रायफल्स या पलटणींकडे त्याआधीच्या पिढीची स्नायडर. पराभवाची कारणे अनेक होती, त्यात बंदुकीचा वाटा किती हे ठरविणे कठीण आहे. पण शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, एकाच झेंड्याखाली मरणाऱ्या दोन माणसांच्या हाती दोन प्रतीची शस्त्रे होती, एवढे निर्विवाद आहे. ही गोष्ट ग्रंथांत एखाद्या ओळीत येते. दोन बंदुका एका टेबलावर ठेवल्या तर ती विद्यार्थ्याला पाच मिनिटांत समजेल.

परवाना आणि विस्मृती

आपल्याकडे बंदुकीशी सामान्य माणसाचा संबंध तुटला तो १८७८ च्या शस्त्रबंदीच्या कायद्याने. हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईना. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट. हा दंश त्या पिढीच्या मनाला किती लागला होता हे राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या ठरावांवरून दिसते. म्हणूनच १९०९ साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले लपवूनछपवून हिंदुस्थानात आली आणि त्यांच्यापैकीच एकाने २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा ते पिस्तूल हे नुसते हत्यार राहिले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा आला आणि गोऱ्यांची सूट गेली. परवान्याची अट राहिली, आणि ती राहणेच योग्य होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. अमेरिकेसारखा घरोघर शस्त्रसंग्रह आपल्याकडे व्हावा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. डॅलसचा धडा सर्वांसाठीच आहे. परंतु खाजगी माणसाला संग्रह करता येत नाही, तेथे संग्रहाची जबाबदारी सरकारवर आणि सार्वजनिक संस्थांवर दुप्पट येते, हे आपण विसरलो.

शिवाय आपल्याकडे जुनी बंदूक दीर्घकाळ संग्रहाची वस्तू नव्हतीच. ती ड्यूटीवरची वस्तू होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या हाती एके-४७ होत्या आणि त्यांना तोंड देणाऱ्या पोलिसांपैकी काहींच्या हाती होती ती .३०३, जिचा मूळ आराखडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. मैवंदच्या शिपायाची आणि या पोलिसाची आठवण एकदम व्हावी, असेच ते दृश्य होते. फरक एवढाच की या वेळी जुने शस्त्र हाती देणारे सरकार आपले होते. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात .३०३ ला निरोप दिला. अन्यत्रही ती कोठारात गेली किंवा जाण्याच्या वाटेवर आहे.

याच रायफलीवर आपल्या स्वातंत्र्याचीही नोंद आहे. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या रायफलींवर मुकुट आणि बादशहाची आद्याक्षरे आहेत; नंतरच्यांवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले आणि इंग्रजीत ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरे उमटली. १९६२ च्या युद्धानंतर याच कारखान्याने .३०३ चा सांगाडा ठेवून ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल काढली. चीनकडून बसलेल्या धक्क्यानंतर हाताशी असलेल्या यंत्रांवर, ओळखीच्या आराखड्यावर घाईने केलेला तो उपाय होता. या रायफली पुढे जादा माल म्हणून अमेरिकेत गेल्या, आणि तेथील संग्राहकांना त्यांचे सगळे उपप्रकार, सगळी वर्षे मुखोद्गत आहेत. आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले आहे?

भट्टीपूर्वी

यावर कोणी म्हणेल, की गांधींच्या देशाने बंदुका कशाला जपाव्यात? वितळवून नांगराचे फाळ करावेत हेच उत्तम. या आक्षेपात तथ्य आहे. बाद झालेली शस्त्रे बाजारात येऊ न देता नष्ट करणे हेच सरकारचे कर्तव्य. ती चोरवाटेने कोणाच्या हाती पडतील याचा नेम नसतो. लाख बंदुका जपण्याची गरज मुळीच नाही. पण लाखातली एक जपण्यास हरकत कोणती? प्रत्येक नमुन्याची, प्रत्येक कालखंडाची एकेक बंदूक निवडावी, तिची नळी बुजवून आणि घोडा निकामी करून ती कायमची मुकी करावी, तिच्यावरील प्रत्येक खुणेची नोंद करावी, आणि मग उरलेल्या खुशाल भट्टीत टाकाव्यात. नेपाळकडे छाउनीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आज काही शस्त्रे मांडलेली आहेत; तेवढा शहाणपणा तेथे झाला. पण ५० हजारांच्या ढिगाची पलटणवार नोंद काठमांडूतच झाली असती, तर नेपाळच्या सैन्याचा इतिहास लिहिणाऱ्याला आज परदेशी व्यापाऱ्यांची सूचिपत्रे चाळावी लागली नसती.

आमचे शस्त्रप्रेम तलवारीपाशी थांबते. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली तेव्हा केवढी गर्दी लोटली! तीच ती वाघनखे का, हे खात्रीने सांगता येत नाही असे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे; आणि तो वाद मिटत नाही, कारण वस्तू आहे पण तिच्यामागची अखंड नोंद नाही. वस्तूचे मोल नोंदीने ठरते, हा धडा त्या वादातून घ्यावयास हवा होता. काही वर्षांपूर्वी एका संस्थानी वाड्यातील संग्रह पाहण्याचा योग आला. काचेच्या कपाटात सात-आठ बंदुका उभ्या होत्या आणि सगळ्यांना मिळून एकच चिठ्ठी होती: ‘तोड्याच्या बंदुका’. त्यांपैकी दोन गारेच्या होत्या, तीन टोपीच्या, आणि एक तर सरळ सरळ मागून भरावयाची. एकीवर कंपनीचा सिंह स्पष्ट दिसत होता. रखवालदाराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, जुन्या आहेत एवढं खरं.” त्याचा दोष नाही. त्याला ते सांगावयास हवे होते अशा कोणीही ते सांगितलेले नव्हते.

हे काम फार पैशाचे नाही. इतिहासाचा एखादा शिक्षक, एक भिंग, एक वही आणि शस्त्रशाळेतून निवृत्त झालेला एखादा कारागीर एवढी सामग्री पुरे. परवान्याचा प्रश्न येत नाही, कारण शस्त्र जागेवरच राहते. घरी न्यावयाची ती फक्त नोंद. जिल्ह्याजिल्ह्यांतील संग्रहालये, संस्थानिकांचे वाडे, पोलिसांची कोठारे यांतील जुन्या बंदुकांवरची अक्षरे उतरवून घेणे हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एका उन्हाळी सुट्टीचा उद्योग होऊ शकेल. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे बंदी आहे, तेव्हा काठमांडूसारखा सौदा होण्याची भीती कमी. आपली भीती वेगळी आहे. येथे इतिहास परदेशी जात नाही. जागच्या जागी गंजतो, किंवा यादीशिवाय भट्टीत जातो.

लगनच्या सिलेखान्यातील बंदुका निदान कोणाच्या तरी घरी भिंतीवर आहेत, आणि कोणी परका माणूस संध्याकाळी दिव्याखाली बसून त्यांच्यावरचे देवनागरी आकडे लावण्याचा प्रयत्न करीत आहे. आपल्या शिलेखान्यातील आकडे वाचावयास आपल्याला तक्ता पाठ करावा लागणार नाही. फक्त गंज चढण्यापूर्वी तेथपर्यंत गेले पाहिजे.